अठ्ठेचाळीस ग्रॅम

गुरुवारी आणि रविवारी एल आल्तोत बाजार भरतो,
जुन्या रुळांवरून थेट कड्यापर्यंत.
गाडीचं अख्खं दार मिळतं तिथे,
कुणाच्या तरी लग्नातले बूट मिळतात,
आणि तुटक्या खेळण्यांच्या ढिगाखाली हात घातला
तर उडायचं सामान, सुटं.

मी मिनीबसच्या दारात लटकून थांब्यांची नावं ओरडते.
माझी बचत म्हणजे नुसती नाणी.
एवारिस्तोने ती मोजली नाहीत, पिशवी हातावर पेलली फक्त.
"आधी काय घेतेस?"
"कॅमेरा."
तो हसला. "रुपेर्ता, नवऱ्याचा पत्ता नाही
आणि तू बारशाची पंगत बसवतेस."

तरी घेतला.
हौसेला मोल नसतं म्हणतात.
असतं. एकशे ऐंशी बोलिव्हियानो, घासाघीस करून.

मग सांगाडा. चार हात, दोन लाल, दोन पांढरे.
"लाल कशाला?"
"वर गेल्यावर पुढचा कुठला, मागचा कुठला, कळायला नको?"
खाली असताना
हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मोटर त्याने माझ्या कानाशी धरली, नखाने फिरवली.
ही गाते. ही खोकते.
खोकणाऱ्या आठ बाजूला काढल्या, गाणाऱ्या चार घेतल्या.
किती जोरात फिरायचं, हे एकेकीला बजावणाऱ्या
चार चपट्या पट्ट्या.
आणि तोल सांभाळायला एक चौकोन, काडेपेटीहून लहान,
सोळा ग्रॅमचा.
नऊ वर्षं मी चालत्या दारात एका पायावर उभी आहे,
माझ्या तोलाचं वजन कुणी केलं नाही.

पंख्यांत फसले. चारही एकाच वळणाचे उचलले.
दोन उजवे हवेत, दोन डावे;
नाहीतर यंत्र जागच्या जागी गरगरत राहतं,
सणाच्या तिसऱ्या दिवशी आमचा मामा गरगरतो तसं.

मामा विचारतो, कशाला?
शेजारीण विचारते, कशाला?
ड्रायव्हरला सांगितलं, रस्त्यावरची कोंडी बघायला.
आईला सांगितलं, भावाच्या लामा शोधायला.
खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं,
कारण ते नव्हतंच.

मोटरीच्या डब्यात एक घडी घातलेला कागद होता:
एक मोटर उचलते सातशे ग्रॅम.
चौघी मिळून अठ्ठावीसशे. मी खूश.
एवारिस्तोने बोट ठेवलं तळाच्या बारीक ओळीवर:
समुद्रसपाटीला मोजलेले आकडे.

समुद्र. आमच्या देशाला तो नाही.
होता, असं शाळेत दर मार्चला कवायत करून सांगतात.
इथे चार हजार मीटरवर हवा पातळ, आमटीत पाणी वाढवावं तशी.
तिसरा हिस्सा वजा कर, म्हणाला.
उरलेल्याचं निम्मं, तेवढंच तुझं वजन.
नऊशे चाळीस. वर एक ग्रॅम नको.

कोकाची पानं विकणाऱ्या नासारियाचा तराजू
पानागणिक हलतो.
तिने पानं झटकली, एकेक वस्तू ठेवत गेली,
ओठ हलवत, बटाट्याचा हिशेब करावा तशी.
बॅटरीला पारडं धपकन खाली गेलं
आणि तिने माझ्याकडे बघितलं, जणू मीच जास्त जेवले होते.
कॅमेऱ्यासकट एक हजार बत्तीस.

सांगाडा घासता येईना. वायर तोडता येईना.
बॅटरी लहान घेतली तर उडणं केवढं, शिंकेएवढं.
दोघंही गप्प.
मीच कॅमेरा उचलून एप्रनच्या खिशात टाकला.

आठशे ब्याण्णव.

म्हणजे ते वर जाईल आणि काहीच बघणार नाही.
कोंडी नाही, लामा नाहीत.
बघायचं ते मी खालून, मान मोडेपर्यंत.
आता "कशाला"चं उत्तर द्यायला
माझ्याकडे खोटंही उरलं नाही.

"अठ्ठेचाळीस शिल्लक," नासारिया म्हणाली.
नव्या गाडीवर टाकतात तशा रंगीत फिती काढल्या तिने.
मी ओरडले, पंख्यात अडकतील!
मग तिने नुसता कागदी चुरा घेतला मुठीत,
पारड्यात टाकला. सहा ग्रॅम.
"हा सांगाड्याच्या पोकळीत भर. सांडेल तिथे सांडेल."
दारूचे चार थेंब मात्र जमिनीला,
त्यांचं वजन नको धरूस.

रविवारी जायचंय पुन्हा.
दोन पंखे बदलून आणायचेत, उलट्या वळणाचे.
एवारिस्तो बदलून देतो म्हणालाय.
कॅमेराही परत घेतो म्हणालाय, निम्म्या भावात.